पार्कूरमध्ये स्पर्धा हवी की नको? (आमच्या ग्रुपात पेटलंय)

कठडा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात नऊ वर्षं पार्कूर करतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंती, कठडे, पायऱ्या, रेलिंग जे समोर येईल त्यावरून उड्या मारत, चढत, लटकत, रांगत पुढे जायचं. नाही, आम्ही चोर नाही. हे वाक्य दर रविवारी एका तरी वॉचमनकाकांना ऐकवावं लागतं.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही बारा-पंधरा जण जमतो. फी नाही, युनिफॉर्म नाही, मॅट नाही. जो जुना तो नव्याला शिकवतो. कोण सर्वांत लांब उडी मारतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची पाटी कुठे लावलेली नसते.

पंधरा दिवसांपूर्वी एका कॉलेज फेस्टिवलवाल्यांचा फोन आला. 'पार्कोर बॅटल' ठेवायचीय म्हणे. स्टेजवर प्लायवूडचे खोके आणि पाइप उभे करून देणार, प्रत्येकाला ६० सेकंद, तीन परीक्षक, पहिलं बक्षीस २५ हजार. परीक्षकांत एक डान्सचे सर, एक जिमवाले आणि एक 'सेलिब्रिटी, नाव नंतर कळवू'.

तेव्हापासून ग्रुपात उभी फूट आहे. विशीच्या आतले सगळे 'दादा, जायचंच' म्हणतात. आम्ही तीन-चार जुने नको म्हणतोय. माझं मत नको असंच आहे, पण नीट मांडता येत नाही. 'पार्कूरमध्ये स्पर्धा नसते' असं म्हटलं की पोरं मोबाइल काढून वर्ल्ड चॅम्पियनशिपचा व्हिडिओ दाखवतात. मग मी गप्प.

तुम्हाला काय वाटतं? पार्कूर केलेलं नसलं तरी चालेल. कुठल्याही खेळात, कलेत स्पर्धा आल्यावर काय झालं ते सांगा.

निव्वळ_वाचक

पहिली खुर्ची माझी. वाचतोय.

अनुस्वार

शीर्षकात 'पार्कूर', फेस्टिवलच्या नावात 'पार्कोर'. आधी एक काय ते ठरवा, मग बॅटल.

कठडा

@अनुस्वार, फेस्टिवलचं नाव त्यांचं आहे, तिथे माझा इलाज नाही. मूळ फ्रेंच उच्चार पार्कूरच्या जवळ जातो. आमची पोरं पार्कोर म्हणतात, वॉचमनकाका 'ए माकडांनो' म्हणतात. तिन्ही चालतं.

गच्चीवरचा

शब्दाची गंमत सांगतो. फ्रेंच लष्करात सैनिकांसाठी अडथळ्यांचा मार्ग असायचा, त्यातला 'मार्ग' हा शब्द म्हणजे पार्कूर. तो मूळ स्पेलिंगमध्ये 'सी'ने लिहितात आणि शेवटी एक मुका 'एस' असतो. १९९८च्या सुमारास ह्युबेर कुंदे नावाच्या नटाने डेव्हिड बेलला (पार्कूरचा जनक मानतात तो) सुचवलं की 'सी'चा 'के' कर आणि तो 'एस' काढून टाक, दिसायला जोरदार दिसेल. थोडक्यात, शुद्धलेखन मोडूनच हा शब्द जन्माला आलाय. अनुस्वारराव, क्षमस्व.

आता मुद्दा. स्पर्धेला विरोध हा पार्कूरवाल्यांनी नव्याने काढलेला नखरा नाही, तो मुळातच आहे. डेव्हिडचे वडील रेमों बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. त्यांनी ज्या पद्धतीने शरीर कमावलं ती येते जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याकडून. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखी फुटला तेव्हा हा गृहस्थ तिथे होता, लोकांना बाहेर काढण्याच्या कामात होता. पुढे त्याने जी व्यायामपद्धत बसवली तिचं ब्रीद साधारण असं: उपयोगी पडायचं म्हणून सशक्त व्हायचं. धावणं, चढणं, उडी, तोल, ओझं उचलणं, पोहणं, सगळं आलं पाहिजे. याच एबेरने १९२५मध्ये स्पर्धात्मक खेळांवर टीका करणारं पुस्तक लिहिलं. विक्रमांच्या मागे लागून माणसं एकाच अंगाने वाढतात आणि बाकीची माती होते, असा त्याचा रोख होता.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा वाद तुमच्या ग्रुपात रविवारी सकाळी चालू आहे.

तिरपागडा

छान गोष्ट. पण पेले फुटला तेव्हा लोकांना बाहेर काढलं म्हणून आज पुण्यातल्या पोरांनी २५ हजार सोडायचे?

रविवारची_आई

@तिरपागडा +१.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उड्या मारतो. मला भीती वाटते हे एक, आणि याचं पुढे काय होणार हे दुसरं. जिम्नॅस्टिक्सला घातला असता तर जिल्हा, राज्य अशा पायऱ्या असत्या. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तुमच्या रविवारच्या ग्रुपात वर्षानुवर्षं घाम गाळून कागद काय हातात येतो? तुम्ही तत्त्वाचं बोलता, आम्हाला घरी उत्तर द्यावं लागतं.

कठडा

@रविवारची_आई, कागद काहीच हातात येत नाही, खरं आहे. माझ्या आईचाही हाच प्रश्न होता. नऊ वर्षांनी तिने विचारणं सोडलं, उत्तर मात्र मिळालेलं नाही.

पकड

मी पार्कूर केलेलं नाही, पण चौदा वर्षं मल्लखांब केलाय आणि आता शिकवते. हा धागा वाचून राहवलं नाही. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मल्लखांब मुळात स्पर्धेचा नव्हताच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो घडवला तो कुस्तीच्या पूरक व्यायाम म्हणून. खांब म्हणजे न दमणारा, न रागावणारा जोडीदार. त्याला धरून पकडी पक्क्या करायच्या आणि मग मातीत उतरायचं. आमच्या सरांच्या सरांनी म्हणे कधी घड्याळ लावून मल्लखांब केला नाही. सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, एकेक प्रकार महिनोन्महिने घोटायचा.

मग संघटना झाल्या, नियमावली आली, गुण आले. आता ठरावीक सेकंदांचा संच असतो. त्यात काय बसवायचं ते आम्ही गुणांच्या हिशोबाने ठरवतो, खोटं कशाला बोलू? काही संथ पकडी आहेत, करायला महाकठीण आणि दिसायला काहीच नाही. प्रेक्षक टाळी वाजवत नाही, परीक्षकाच्या कागदावर फार काही पडत नाही. त्या मी मुलींना शिकवते, पण स्पर्धेच्या दोन महिने आधी बाजूला ठेवते. दोन महिन्यांचे चार कधी होतात कळत नाही. हे नुकसान खरं आहे.

आता दुसरी बाजू. स्पर्धा नसती तर मल्लखांब आज चार जुन्या आखाड्यांत अंगाला चोळलेलं एरंडेल पीत पडून राहिला असता. स्पर्धा आली म्हणून शाळा पुढे आल्या, दोरीच्या मल्लखांबावर मुली आल्या, आडगावांत खांब पुरले गेले. २०१९ला शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली, परदेशी मुलं सलामी देताना पाहून अंगावर काटा आला होता. खेलो इंडियात आला, २०२२च्या नॅशनल गेम्समध्ये आला. माझ्या एका विद्यार्थिनीला खेळाच्या जागेवर नोकरी लागली. तिच्या घरी त्याआधी कुणालाच पगारपत्रक माहीत नव्हतं. तिला मी 'स्पर्धेने कला बिघडते' हे कुठल्या तोंडाने सांगू?

तेव्हा कठडादादा, माझा सल्ला असा की 'हवी की नको' हा प्रश्न सोडा. स्पर्धा येणारच. गुण कशाला द्यायचे हे ठरवायला तुम्ही बसणार की डान्सचे सर, एवढंच तुमच्या हातात आहे.

निव्वळ_वाचक

पकडताई, दंडवत. 'न दमणारा, न रागावणारा जोडीदार' हे बायकोला ऐकवलं. तिचं मत: खांबच हवा होता.

चौथा_थर

पकड यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, आणि पुराव्यासाठी आमचा गोविंदा हजर आहे.

लहानपणी आमच्या गल्लीत पाच थर लागले तरी आठवडाभर चर्चा. मग हंडीला हजार, लाख, अनेक लाख लागले आणि थर वाढले. सराव वाढला हे खरं, बांधणी शास्त्रशुद्ध झाली हेही खरं. पण वर चढवायला हलकं पोर लागतं, मग ते सात वर्षांचं, सहा वर्षांचं. २०१४ला हायकोर्टाने २० फुटांची आणि १८ वर्षांची अट घातली, सुप्रीम कोर्टात गेलं, २०१७ला वयाची अट १४ वर आली आणि उंचीची निघाली. २०२२ला साहसी खेळाचा दर्जा, २०२३ला प्रो गोविंदा. आता हेल्मेट, दोर, विमा सगळं आहे. म्हणजे स्पर्धेनेच जीव धोक्यात घातले आणि स्पर्धेमुळेच विमा आला. कुठल्या बाजूने बोलू सांगा.

स्वतःचं सांगतो. मी चौथ्या थरावर असायचो. खाली पडलोय दोनदा. दोन्ही वेळा सरावात नाही, हंडीच्या दिवशीच.

हाडवैदू

चौथा_थर यांचं शेवटचं वाक्य अधोरेखित.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा उड्या मारणारी मुलं माझ्याकडे येतात, तिथे दोन तऱ्हा दिसतात. पहिली रोजच्या सरावाची: नडगी दुखते, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. काँक्रीटवर रोज त्याच त्या उड्या, विश्रांती नाही. हे हळूहळू येतं, हळूहळू जातं, आणि तंत्र सुधारलं की बरंच टळतं. चवड्यावर उतरा, टाचेवर आदळू नका, गुडघा काटकोनाच्या पुढे मोडू देऊ नका, उंचावरून आलात तर खांद्यावरून तिरकं लोळण घ्या म्हणजे भार पाठीवरून पलीकडच्या कुल्ल्याकडे निघून जातो.

दुसरी तऱ्हा एका दिवसाची. घोटा, मनगट, क्वचित मान. 'कसं झालं?' विचारलं की उत्तर बहुधा एकच, 'शूट होतं' किंवा 'शो होता'.

कठडा, तुम्ही स्पर्धेला 'नको' म्हणताय त्यामागे काही घडलेलं आहे का? तुमच्या लिहिण्यात ते जाणवतंय.

तिरपागडा

डॉक्टर, रस्त्यावर चालतानाही माणसं घसरतात. पुण्यात तर जास्तच.

सीनकाठचा

थोडं तिकडचं लिहितो. कामानिमित्त सहा वर्षं पॅरिसच्या दक्षिणेला राहतोय. लीस आणि एव्री ही या प्रकाराची जन्मगावं माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मला आधी पत्ता नव्हता, भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याने ओढत नेलं.

तिथे तळ्याकाठी 'दाम द्यु लाक' म्हणजे 'तळ्यातली बाई' नावाचं एक प्रचंड काँक्रीटचं शिल्प आहे. पिएर सेकेली या शिल्पकाराने सत्तरच्या दशकात केलेलं, चढण्यासाठीच. नव्वदच्या दशकात डेव्हिड बेल आणि मंडळी त्यावर चढायची, उड्या मारायची. आता कुंपण आहे, चढायला बंदी. भाचा कुंपणाला हात लावून उभा राहिला, पंढरपुरात दार बंद सापडलं तर वारकरी राहील तसा.

आजूबाजूला साध्या चार मजली इमारती, जिने, कठडे, सायकलींचे स्टँड. आपल्याकडच्या म्हाडा वसाहतीसारखंच. स्टेज नाही, खोके नाहीत. जिन्यावर दोन मुलं हातापायांवर उलटी चढत होती, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. थंडी मरणाची. कॅमेरा कुणाकडे नव्हता.

आता गच्चीवरच्यांना थोडा विरोध. पहिल्या टोळीत, म्हणजे यामाकासीत (काँगोकडच्या लिंगाला भाषेतला शब्द, बळकट माणूस अशा अर्थाचा, १९९७ला हे नाव घेतलं), स्पर्धा नव्हती असं म्हणणं म्हणजे भाबडेपणा. नऊ तरुण पोरं, कडक अंगाची, एकाने उडी मारली की दुसऱ्याला झोप नाही. एकमेकांना आव्हानं देण्यावर तर त्यांचा सगळा सराव उभा होता. फरक इतकाच की सगळ्यांचं पूर्ण झाल्याशिवाय कुणाचं पूर्ण झालं असं धरायचे नाहीत. एकत्र सुरू, एकत्र शेवट.

नववा_गडी

@सीनकाठचा, म्हणजे खो-खोच की. एकट्याने धावून काय उपयोग, पाटीवरचा उठला पाहिजे.

अवांतर: इंग्लंडात दोघा भावांनी 'वर्ल्ड चेस टॅग' नावाचं काढलंय, ते कुणी पाहिलंय का? बारा मीटर बाय बारा मीटरचं मैदान, त्यात पाइप आणि फळ्यांचे अडथळे. एक पळणार, एक पकडणार, वीस सेकंद. निसटला तर गुण. खेळणारे बहुतेक पार्कूरवाले. मी रात्री दोनपर्यंत बघत बसलो. ही आपली पकडापकडी आहे हो! आपण 'खेळून झालं असेल तर अभ्यासाला बस' म्हणत राहिलो आणि तिकडे टीव्हीवर गेली.

निव्वळ_वाचक

लगोरीचं पेटंट आजच घेऊन टाका.

अनुस्वार

आट्यापाट्यांचं आधी.

गच्चीवरचा

सीनकाठचा, मान्य. आव्हान आणि स्पर्धा यांत मी गल्लत केली.

आता पोरं मोबाइलवर दाखवतात त्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची कुळकथा, कारण ती कठडाला उपयोगी पडेल. २००७पासून रेड बुलची 'आर्ट ऑफ मोशन' होती, व्हिएन्नाला सुरू झाली, मग सँटोरिनीच्या पांढऱ्या घरांवरून. तो सरळ सरळ तमाशा होता, सुंदर तमाशा, आणि या खेळाचा कारभार आमच्याकडे असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. भडका उडाला २०१७ला. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने जाहीर केलं की पार्कूर आता आमच्या छत्राखाली. डोळा ऑलिंपिकवर. ब्रिटनच्या पार्कूर संघटनेने उघड पत्र लिहून याला अतिक्रमण म्हटलं. 'आम्ही जिम्नॅस्टिक्स नाही' हा हॅशटॅग फिरला. सहा देशांच्या संघटनांनी मिळून स्वतःची 'पार्कूर अर्थ' काढली.

यातली खोच अशी की महासंघाच्या समितीत खुद्द डेव्हिड बेल बसला होता आणि यामाकासीतला शार्ल पेरिएरही. तेव्हा 'संस्थापकांना स्पर्धा मान्य नव्हती' हा दाखला देऊ नका, पोरं तोंडावर मारतील.

२०१८च्या डिसेंबरात बाकूच्या अधिवेशनात पार्कूर अधिकृत शाखा झाली. पहिली जागतिक स्पर्धा २०२२च्या ऑक्टोबरात टोकियोला, दुसरी २०२४ला किताक्युशूला. दोन प्रकार: स्पीड, म्हणजे घड्याळ, आणि फ्रीस्टाइल, म्हणजे परीक्षक. टोकियोला महिलांच्या फ्रीस्टाइलमध्ये मेक्सिकोची एला बुसिओ जिंकली, तिची धाव जरूर बघा, मी स्पर्धाविरोधी असूनही चार वेळा पाहिली.

तिरपागडा

म्हणजे २०२८ला ऑलिंपिकमध्ये येणार. मग रविवारचे तत्त्वज्ञ काय करणार?

गच्चीवरचा

@तिरपागडा, पॅरिस २०२४साठी प्रयत्न झाला होता. २०२०च्या डिसेंबरात ऑलिंपिक समितीने नाही म्हटलं. पार्कूरच्याच जन्मगावाशेजारी ऑलिंपिक भरलं आणि पार्कूर बाहेर. लॉस एंजेलिसच्या यादीतही ते नाही. त्यामुळे तत्त्वज्ञांना बरीच वर्षं आहेत.

रविवारची_आई

इतकं सगळं वाचलं. जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी घेतलं तर बिघडलं कुठे? मॅट मिळेल, प्रशिक्षक मिळेल, पडलं तर डॉक्टर असेल. पार्किंगपेक्षा बरं नाही का? विरोध करणाऱ्यांची मुलं पंधरा वर्षांची नसावीत.

पकड

ताई, मॅटचं म्हणाल तर एक अनुभव. आमच्याकडे गादी जाड झाली तशी उतरण्याची शिस्त सैल झाली. मुली गादीवर कशाही पडतात आणि हसत उठतात. पूर्वी माती होती, त्यामुळे उतरणं हा प्रकारच वेगळा शिकवावा लागे. गादी काढा असं मी म्हणत नाही. पण सुरक्षितता गादीत असते की मुलीत, हे अधूनमधून तपासावं लागतं.

कठडा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. हाडवैदू यांनी विचारलं त्याचा विचार करत होतो.

हो, घडलंय. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. नावं घेत नाही. आमचा एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, पहिल्या फेरीनंतर चौथा होता. दुसऱ्या फेरीत सहा फुटी खोक्यावरून साइड फ्लिप (हवेतल्या हवेत बाजूला कोलांटी) टाकायचं त्याने ठरवलं. ही फ्लिप त्याला येते. गवतावर, वाळूत शेकडो वेळा मारलीय. पण तिथे खाली गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर बांधून न ठेवलेली मॅट. त्याने उडी घेतली, मॅट सरकली, घोटा गेला. दोन स्क्रू आहेत आत. आता येतो रविवारी, पण बसून असतो बराच वेळ.

हे मी ग्रुपात सगळ्यांना सांगितलंय. पुढचं सांगितलेलं नाही.

तो खोक्याच्या कडेला तीनदा गेला आणि तीनदा मागे आला. आमच्याकडे रविवारी कुणी असा मागे आला की कुणी काही बोलत नाही. उलट जुने लोक मान डोलावतात. उडी 'तोडणं' म्हणतो आम्ही, म्हणजे एखादी उडी पहिल्यांदा मारणं. कुणाला ती तोडायला दहा मिनिटं लागतात, कुणाला दोन वर्षं. एका बारा फुटांच्या उडीपाशी मी आठ महिने जाऊन परत येत होतो. त्या परत येण्यात मी जेवढं शिकलो तेवढं मारण्यात नाही. भीती वाटतेय ती कशाची, अंतराची की पायाखालच्या शेवाळाची की बघणाऱ्यांची, हे ओळखायला शिकणं हेच खरं तर नव्वद टक्के काम.

त्या दिवशी तो चौथ्यांदा कडेला गेला तेव्हा मी खाली उभा होतो. स्क्रीनवर १४ सेकंद उरलेले दिसत होते. मी ओरडलो, 'जा रे!'

नऊ वर्षांत मी कुणालाही असं म्हटलेलं नाही.

म्हणून नको म्हणतोय. पोरांवर माझा विश्वास आहे. घड्याळ समोर असताना माझ्यावर नाही.

निव्वळ_वाचक

...

हाडवैदू

लिहिलंत हे बरं केलंत. त्या मुलाशी बोललात का यावर?

कठडा

नाही अजून.

हाडवैदू

आधी ते करा. स्पर्धेचं नंतर बघू.

चौथा_थर

कठडा, आमच्या पथकात वर्षानुवर्षं एक जुना माणूस फक्त 'उतरा' म्हणायला उभा असायचा. थर हलायला लागला की त्याने हात वर केला की उतरायचं, समोर कितीही लाख असोत. तो स्वतः चढायचा नाही, बक्षिसात वाटा घ्यायचा नाही. त्याचं कुणाशीच पटायचं नाही. तो गेल्यावर आम्ही तसा माणूस नेमला नाही, म्हणून मी दोनदा पडलो असं मला वाटतं.

तिरपागडा

मी इथे वाद घालायलाच येतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरी एक प्रामाणिक प्रश्न. पोरांना जाऊ दिलं नाही तर ती तुमच्याशिवाय जातील. मग 'जा रे' ओरडायला डान्सचे सर असतील आणि 'उतरा' म्हणायला कुणीच नसेल. ते बरं का?

नववा_गडी

तिरपागडाने पहिल्यांदा कामाचं लिहिलं. धागा वाचनखुणेत टाकला.

सीनकाठचा

आयोजकांना फ्लिपचे गुण काढायला लावा. नुसती स्पीड ठेवा, सोपा मार्ग, ओळखीचे अडथळे. घड्याळ असलं तरी माणूस जे येतं तेच जलद करतो. फ्रीस्टाइलमध्ये जे येत नाही ते करून बघायचा मोह होतो, शेवटच्या चौदा सेकंदांत तर हमखास. किंवा नववा_गडी म्हणतात तशी पकडापकडी ठेवा. पब्लिकलाही कळेल, डान्सच्या सरांची गरजच नाही.

पकड

आणि आदल्या दिवशी जाऊन प्रत्येक खोका स्वतः हलवून बघा. आम्ही खांब हलवून बघितल्याशिवाय सलामी देत नाही.

कठडा

धागा वर काढतोय, कारण काय झालं ते सांगायला हवं.

आधी त्या मुलाशी बोललो. चहाच्या टपरीवर. त्याला माझं ओरडणं ऐकूच आलं नव्हतं म्हणे, स्पीकर इतके मोठे होते. मी वर्षभर घेऊन बसलो होतो ते. तरी बरं वाटलं असं नाही. मग तो म्हणाला, 'फेस्टिवलला मी येतो, मला खाली उभं करा.'

आयोजकांनी फ्लिप काढायला साफ नकार दिला, 'क्राउड पुलिंग तेच आहे'. खूप घासाघीस करून दोन प्रकार झाले: स्पीड वेगळी, फ्रीस्टाइल वेगळी. आमच्यातले चौघे गेले, फक्त स्पीडला. आदल्या संध्याकाळी आम्ही गेलो तर नऊपैकी चार खोके डुगडुगत होते. मंडपवाल्या काकांनी रात्री अकरापर्यंत थांबून पट्ट्या ठोकून दिल्या. सगळ्या प्रकरणात समजूतदार माणूस तोच निघाला.

घोट्यात स्क्रू असलेला आमचा गडी दोन्ही दिवस खाली उभा होता. एकाला त्याने हात वर करून थांबवलं, घामाने पाइप ओला झाला होता. त्या पोराने धाव सोडली आणि शेवटचा आला. स्टेजवरून उतरताना तो चिडलेला होता आणि रात्रीपर्यंत कुणाशी बोलला नाही. रविवारी आला मात्र.

एकाचा तिसरा नंबर. पाच हजार. चेक अजून आलेला नाही. सेलिब्रिटीही आली नाही.

माझं मत अजून नकोच आहे. पुढच्या वर्षी बोलावलं तर बहुधा परत जाऊ. आणि तेव्हा पकडताई, गुणपत्रिका आम्ही करून नेणार.

चौथा_थर

चेकची वाट बघू नका. आमचा २०११चा यायचाय.

पकड

गुणपत्रिका करताना 'उतरणं' याला वेगळा रकाना ठेवा. लागली तर मदत करते.

रविवारची_आई

कठडा, रविवारी मुलाला घेऊन आले तर चालेल का? मी लांब बसेन, मध्ये बोलणार नाही. सोबत काय आणायचं?

कठडा

नक्की या. साडेसहा. पाणी, जुनी फुलपँट, सपाट तळाचे साधे बूट, महागडे नकोत. त्याला एक आधी सांगून ठेवा: पहिले दोन-तीन महिने उड्या फारशा नाहीत. पायऱ्यांवरून हातापायांवर रांगायचं, कठड्यावरून चालायचं, लोळण घ्यायची. पोरं कंटाळतात.

रविवारची_आई

सांगितलं. तो विचारतोय, रांगण्यात आत्ता पहिला कोण आहे?